सूचना मागवण्याचा हिवाळा

परवा दुपारी वाचनालयाच्या पायरीवर उन्हाला बसले होते. सोलापुरात वर्षातले दहा महिने आपण उन्हाला टाळत फिरतो आणि हे दोन महिने त्याच्या मागेमागे खुर्ची सरकवत जातो. मांडीवर कागदात बांधलेला भाजका हुरडा होता, अजून कोमट, आणि शेजारी डब्याच्या झाकणात शेंगाचटणी. तेवढ्यात मोबाईल वाजला. महापालिकेचा मेसेज होता. येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी आपल्या प्रभागातली कामं सुचवावीत, असं लिहिलेलं आणि खाली निळ्या अक्षरांत लिंक.

कुणाला आंब्याचा मोहर दिसला की जुनं काही आठवतं, कुणाला परीक्षेच्या दिवसांतल्या रिकाम्या मैदानानं गलबलून येतं. मला या कोरड्या सरकारी मेसेजनं तसं होतं. तो वाचला आणि नाकात एकदम तंबाखूचा वास आला. चार हिवाळ्यांपूर्वी आमच्या वाचनालयात महिनाभर तो वास होता. पुस्तकांना लागला होता, टेबलाला लागला होता, माझ्या साडीच्या पदराला लागला होता. घरी नवरा विचारायचा, "काय गं, बिडी ओढायला लागलीस की काय?" मी नुसती हसायचे.

पूर्वभागातल्या या वाचनालयात मी गेली सव्वीस वर्षं काम करते. महापालिकेच्या जुन्या इमारतीचा तळमजला, त्यात एक खोली पुस्तकांची आणि एक वर्तमानपत्रांची. लोक मला बाई म्हणतात. चारी बाजूंना यंत्रमाग. त्यांची खडखड आमच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की वीज गेली आणि माग थांबले की वाचणारे दचकून मान वर करतात आणि एकमेकांकडं बघतात. हिवाळ्यात सकाळी खिडकीतून ऊन आत येतं तेव्हा त्यात सुताचे बारीक तंतू तरंगताना दिसतात. ते वर्तमानपत्रावर बसतात. मारुतीअण्णा ते फुंकरीनं उडवतात आणि मग वाचायला घेतात.

मारुतीअण्णा आमचे सगळ्यात जुने वाचक. मूळचे माढ्याकडचे. तरुणपणी गिरणीत नोकरीला म्हणून आले, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागाच्या कारखान्यात राहिले, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर रोज सकाळी नऊला वाचनालयाच्या पहिल्या खुर्चीवर असतात. अंदाजपत्रक ही तोवर आमच्यासाठी वर्तमानपत्रातली गोष्ट होती. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पहिल्या पानावर एक गोल छापून यायचा, भाकरीचे तुकडे करावेत तसे त्याचे लहानमोठे तुकडे केलेले. अण्णा चष्मा कपाळावर ढकलून तो गोल निरखून बघायचे आणि म्हणायचे, "यातला आपल्या बोळाचा तुकडा कंचा?" कुणालाच सांगता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्या पानाची रद्दी व्हायची.

मग त्या हिवाळ्यात संकेतस्थळ सुरू झालं. बातमी अण्णांनीच आणली. कात्रण माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "बाई, आता आपल्याला इचारत्यात की. बसा मशीनवर."

आम्ही दोघं संगणकापुढं बसलो. नाव, मोबाईल नंबर, प्रभाग, कामाचा प्रकार. मग एक पांढरा चौकोन, ठरावीक अक्षरांचा, त्यात आपली सूचना लिहायची. प्रत्येक प्रभागातल्या सूचनांमधून होण्याजोगी कामं निवडली जाणार, ती मतदानाला ठेवली जाणार आणि ज्याला जास्त मतं पडतील ते काम अंदाजपत्रकात घेतलं जाणार, असं वर लिहिलेलं होतं. ते वाचताना अण्णांचा आवाज बदलला. एखाद्याच्या घरी अचानक पाहुणा यावा आणि तो आपल्यालाच भेटायला आलाय हे कळावं, तसं काहीसं.

आमची सूचना ठरलेलीच होती. वाचनालयाच्या डोक्यावर एक खोली आहे. तिचे पत्रे एका वादळात उडाले, तेव्हापासून ती कुलूपबंद. ती दुरुस्त झाली तर मुलींना अभ्यासाला जागा होईल, हे मी कित्येक वर्षं मनात घोळवत होते. आमच्या भागातली घरं एका खोलीची, त्या खोलीत कुठं माग तर कुठं शिलाई मशीन. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुली बसणार कुठं? नाझिया नावाची एक मुलगी तर वर जाणाऱ्या जिन्याच्या वळणावर पोतं अंथरून बसायची. तिथं दुपारी दोनपर्यंत उजेड असतो. उजेड सरकला की तीही एकेक पायरी खाली सरकायची. मी तिला आत ये म्हणायचे, तर ती म्हणायची, "आत अण्णा मोठ्यानं वाचतात, बाई." ते खरंच होतं.

आम्ही सूचना पाठवली. पडद्यावर एक क्रमांक आला. अण्णांनी तो तळहातावर लिहून घेतला, आणि मला वाटतं, दोन दिवस त्यांनी तो हात नीट धुतला नाही.

वाचनालयात सूचना भरून मिळतात, ही बातमी बोळाबोळांतून पसरली. लोक यायला लागले. पुस्तकांसाठी कधी न आलेले लोक. एकाला दारापुढं गतिरोधक हवा होता. त्याच्याच शेजाऱ्याला आधीचा गतिरोधक काढायला हवा होता, कारण त्यावरून गाडी गेली की त्याच्या म्हाताऱ्या आईची झोप मोडायची. एक निवृत्त शिक्षक आले. चौकातली चिंच रस्ता रुंद करताना तोडू नये, एवढंच त्यांना लिहायचं होतं. 'कामाचा प्रकार' या रकान्यात 'न करणे' असा पर्याय नव्हता म्हणून आम्ही 'इतर' निवडलं. नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार ते आधी कळावं, असं तर जवळजवळ प्रत्येकानं लिहिलं. मी टंकत असायचे आणि ते बोलत असायचे. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की ज्या गल्ल्यांमधून मी बावीस वर्षं चालत आले त्यांत कुणाला काय खुपतं हे मला ठाऊकच नव्हतं.

अशाच एका दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, काखेत कापडी पिशवी, पिशवीतून बिडीच्या पानांची टोकं बाहेर आलेली. तिला मी रोज बघत होते. नरसम्मा. मागच्या गल्लीत राहणारी, साठीची, घरात तेलुगू बोलणारी, चाळीस वर्षं बिड्या वळत आलेली. सगळे तिला अक्का म्हणत. वळलेल्या बिड्या घेऊन ती सकाळी वाचनालयावरून चौकाकडं जायची आणि दुपारी नवी पानं, नवी तंबाखू घेऊन परतायची. इतक्या वर्षांत ती एकदाही आत आली नव्हती. चपला कुठं काढू, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, काढू नका. तरी तिनं काढल्या.

"हितं काय तरी लिव्हून देतात म्हणं," ती म्हणाली. "मेहरुन सांगितली." मेहरुन म्हणजे नाझियाची आई. तीही बिड्या वळायची.

"हो, या ना. काय लिहायचं?"

तिनं वर्तमानपत्रांच्या टेबलाकडं बघितलं. तिथं अण्णा आणि आणखी दोघं होते. "त्यांचं होऊ दे," ती म्हणाली आणि पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभी राहिली. अर्धा तास. अण्णा जेवायला उठले, बाकीचे पांगले, तेव्हा ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

"आमी बायका सकाळी पाणी पीत न्हाई," ती म्हणाली.

मला अर्थबोध झाला नाही.

मग तिनं सांगितलं. चौकात ओळीनं तीन बिडी कारखान्यांच्या शाखा आहेत. बायका आठाला जाऊन रांगेत बसतात. बिड्या तपासणारा एकेक जुडी बघतो, वाकडीतिकडी बिडी बाजूला काढतो, मग नवा माल मिळतो. एक वाजतो, कधी दोन. रांग सोडली की नंबर गेला. आणि रांग सोडून जायचं तरी कुठं? पुरुष भिंतीमागं जातात. बायकांसाठी त्या सबंध चौकात आडोसा नाही.

"शेजारच्या घराचं दार एक दिस वाजवता येतं," अक्का म्हणाली. "दोन दिस येतं. रोज कोण उघडंल? म्हणून उठल्यापासून पाणीच प्यायचं न्हाई. तोंड ओलं करायचं, बास. मला आता तरास हाय. डाक्टरकडं गेली. तो म्हणतो, भरपूर पाणी प्या. मी म्हटलं, पिते की. पिऊन जाऊ कुटं, ते पण चिठ्ठीवर लिहा."

हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. हिवाळ्यात थंडी असते, असं सांगावं तसं ती सांगत होती. मी त्या चौकातून रोज जात होते. उन्हाच्या पट्ट्यात ओळीनं बसलेल्या त्या बायका मला चित्रासारख्या सुंदर दिसायच्या. त्या उन्हात बसतात ते थंडी वाजते म्हणून, एवढंच मला माहीत होतं.

लिहायला घेतलं आणि शब्दावर अडलो. मी 'स्वच्छतागृह' लिहिलं. तिनं ते मला वाचायला लावलं आणि म्हणाली, "म्हंजे?" मी सांगितलं. ती म्हणाली, "असं लिव्हलं तर त्यांना वाटंल झाडू ठेवायची खोली मागतात." मी 'प्रसाधनगृह' म्हणून पाहिलं. त्यावर तिनं नुसती मान हलवली. साधा शब्द तिलाही माहीत होता, मलाही माहीत होता, पण तिला तो माझ्यासमोर बोलायची लाज आणि मला लिहायची. शेवटी मी तो टंकला, "बायकांसाठी संडास-मुतारी", आणि मोठ्यानं वाचला. ती पदर तोंडाला लावून हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "पाणी पायजे, लिव्हा. आणि दाराला आतून कडी. कडी लागायला पायजे." चौकोनातली अक्षरं संपत आली होती. कडीला जागा व्हावी म्हणून मी सुरुवातीचं 'कृपया' काढून टाकलं.

संक्रांत झाली. वाटीभर तिळगूळ टेबलावर ठेवलेला असायचा, येणारा प्रत्येकजण चिमूटभर तोंडात टाकायचा. त्याच दिवसांत मतदानाची यादी लागली. आमच्या प्रभागातून तीन कामं निवडली गेली होती. एक, रस्त्याच्या तोंडाशी स्वागतकमान. दुसरं, वाचनालयावरची खोली. तिसरं, बिडी शाखांच्या चौकात बायकांसाठी संडास-मुतारी. एका मोबाईल नंबराला एकच मत.

खोटं कशाला बोलू, यादी बघून मला आनंद झाला नाही. बावीस वर्षं ज्या खोलीकडं मी मान वर करून बघत होते ती आणि अक्काची ती कडी एकाच पडद्यावर एकाखाली एक उभ्या होत्या, आणि दोन्ही मीच टंकल्या होत्या. संध्याकाळी घरी जाताना मनात आलं, आपण अक्काची सूचना जरा गुळमुळीत लिहिली असती तर ती निवडलीच गेली नसती. मनात असलंही येतं. ते आलं आणि मी रस्त्यात थांबले.

दुसऱ्या दिवसापासून बायका यायला लागल्या. शाखेतून सुटल्या की दुपारी एक ते तीन. काखेत पानांच्या पिशव्या, हाताला, केसांना, लुगड्याला तंबाखूचा वास. वाचनालयाच्या दारापासून संगणकापर्यंत रांग. कुणाकडं नवऱ्याचा मोबाईल, कुणाकडं मुलाचा, कुणी घरातल्या भांडणातून मागून आणलेला. नंबर टाकला की ओटीपी यायचा आणि इथं एक पंचाईत झाली. ओटीपी कुणालाही सांगू नका, अशी पाटी मीच भिंतीवर लावली होती. मेहरुननं ती वाचून सगळ्यांना सांगितलं. बायका मोबाईल छातीशी धरून माझ्याकडं संशयानं बघायला लागल्या.

मी खुर्चीवरून उठले. म्हटलं, "तुमचा आकडा तुम्हीच टाका. मी पाठ करून उभी राहते."

सगळ्यात आधी अक्का बसली. "वाचता येत न्हाई मला, पण आकडा वळखते," ती म्हणाली. "पंचवीसची जुडी बांधते रोज. एक बिडी कमी पडत न्हाई." चष्मा नसल्यानं तिनं मोबाईल हातभर लांब धरला आणि एका बोटानं एकेक आकडा दाबला. पडद्यावर 'आपले मत नोंदवले आहे' असं आलं. मी वाचून दाखवलं. ती तशीच बसून राहिली. मागच्या बाईनं खांद्याला हात लावला तेव्हा उठली. त्यानंतर पुढचीला तीच शिकवायला लागली, तेलुगूत. मेहरुन तिच्या लोकांना दखनीत समजावायची. माझ्याकडं फक्त वायर निघाली की बसवायचं काम उरलं.

मारुतीअण्णा हे सगळं वर्तमानपत्रामागून बघत होते. तिसऱ्या दिवशी ते माझ्यापाशी आले. त्यांनी स्वतः घरोघरी फिरून खोलीसाठी मतं गोळा केली होती, स्वतःचं मात्र अजून टाकलं नव्हतं.

"बाई, ही लाईन कशाची हाय ठावं हाय नव्हं तुमाला?"

"हो."

"आपल्याच वाचनालयात बसून आपलीच खोली पाडाय लागल्यात. आन् खुर्ची कोन देतंय? तुमी."

"अण्णा, त्यांना दुसरीकडं कुठं संगणक आहे?"

"तसल्या कामाला लायब्री लागती व्हय?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी काठी घेतली आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी होती. तिसऱ्याही दिवशी. मी वर्तमानपत्र लाकडी चौकटीत अडकवलं. त्यावरचे सुताचे तंतू तसेच राहिले.

मधल्या एका दुपारी मेहरुन आणि नाझिया दोघी एकत्र आल्या. घरात एकच मोबाईल होता, म्हणजे एकच मत. मला वाटलं होतं, त्या ठरवून आल्या असतील. ठरवूनच आल्या होत्या, पण दोघींनी वेगवेगळं ठरवलं होतं.

"खोली को देना," मेहरुन म्हणाली.

"अम्मी, नको. तुझ्या कामाला दे," नाझिया म्हणाली.

"मेरेकू आदत हो गई. मेरे दिन निकल गए. तू सीढ़ियों पे कब तक बैठेगी?"

"आदत झाली म्हणजे काय? तुला ताप येतो ना सारखा."

ओटीपी येऊन पडला होता. दोघी भांडत होत्या आणि वेळ निघून गेला. पुन्हा मागवला. पुन्हा तेच. मागं रांग लांबत होती. कुणी घाई केली नाही. तिसऱ्या वेळी मेहरुन माझ्याकडं वळली. "बाई, इसकू समजाव जरा."

मी काय समजावणार होते? मला त्या मुलीला खोली द्यायची होती आणि तिच्या आईला पाणी. मी म्हटलं, "मला विचारू नका, मेहरुन." नाझियानं मोबाईल आईच्या हातातून हळूच काढून घेतला. आकडा टाकला. आईच्या कामावर बोट ठेवलं आणि पटकन खाली बघितलं. मेहरुननं तिच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि तो हात तिथंच ठेवला.

सहाव्या दिवशी मारुतीअण्णा आले. एकटे नव्हते. मागं त्यांची बायको होती, पारूबाई. लहानखुरी, पाठीत वाकलेली. त्यांनी तिला आधी खुर्चीवर बसवलं. रांग थांबली.

"त्या दिशी घरी गेलो आन् हिला म्हनलं, बग काय चाललंय लायब्रीत," अण्णा म्हणाले. "ही काय बोलंना. म्हनलं, तू बी वळल्यास की बिड्या. गिरणी बंद पडल्यावर हिच्या बिड्यांवर घर चाललं. तीस वर्सं. मग इचारलं, तू काय करत होतीस गं तितं?"

पारूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"तीस वर्सं एका ताटात जेवलो," अण्णा म्हणाले. "मी कवाच इचारलं न्हाय."

"इचारलं असतं तर मी सांगितलं असतं व्हय?" पारूबाई म्हणाली. रांगेतल्या बायका हसल्या. अण्णाही हसले, आणि त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला. मग खिशातला मोबाईल काढून बायकोच्या हातात दिला. "दाब तुला पायजे तितं," म्हणाले आणि माझ्यासारखेच पाठ करून उभे राहिले.

शेवटच्या दिवशी दुपारी रांग संपली. वाचनालयात मी एकटी. बाहेर कुठल्यातरी कारखान्यात माग थांबवून नवीन ताणा, म्हणजे उभं सूत, चढवत होते, म्हणून खडखड थोडी विरळ झाली होती. माझं मत द्यायचं राहिलं होतं. मी नंबर टाकला, आकडा टाकला. तीन कामं समोर आली. सगळ्या बायकांचे चेहरे मला आठवत होते. तरीही माझं बोट खोलीवर गेलं. ते मी दाबलं. बावीस वर्षांचं प्रेम होतं. त्याला एक तरी मत माझ्या हातून पडायला हवं होतं.

संध्याकाळी अक्का आली. चपला काढून आत. "तुमी कुणाला दिलं, बाई?"

मला खोटं बोलता आलं असतं. "खोलीला दिलं, अक्का," मी म्हटलं.

"बरं केलं," ती म्हणाली. "तुमी आमाला दिलं असतं तर मला रात्री वाईट वाटलं असतं." आणि टेबलावरच्या वाटीतला शेवटचा तिळगूळ तिनं माझ्या हातावर ठेवला.

बायकांचं काम पहिलं आलं. खोली दुसरी. मारुतीअण्णांनी निकाल दोनदा वाचला आणि म्हणाले, "कमानीच्या वर हाय की आपन." त्याचं त्यांना खरंच समाधान वाटलं.

पुढं लगेच काही झालं नाही. यादीत पहिलं आलं म्हणजे बांधकाम झालं, असं नसतं. संकेतस्थळावर आमच्या कामापुढं एक शब्द असायचा. आधी 'प्रस्तावित' होता, मग 'मंजूर', मग बरेच महिने 'प्रक्रियेत'. अक्का दर आठवड्याला दारातून विचारायची, "मशीन काय म्हणती?" मी तो शब्द वाचून दाखवायचे. उन्हाळा गेला, तगमगीचा, डांबर पायाला चिकटणारा. पाऊस थोडाफार पडून गेला. पुढच्या थंडीत चौकात विटा येऊन पडल्या. त्या विटांवर बायका आळीपाळीनं नजर ठेवायच्या, जणू घरचं लग्न आहे. उघडलं त्या दिवशी कुणी पाहुणा आला नाही, फीत नव्हती. पारूबाईला पहिल्यांदा आत पाठवलं, कारण ती सगळ्यांत थोरली. उंबऱ्याला कुणीतरी हळदीकुंकू वाहिलं होतं. ती ते ओलांडून आत गेली. बाहेर चाळीसेक बायका एकदम गप्प झाल्या, आणि मग त्या गप्पपणाचंच हसू येऊन सगळ्या हसत सुटल्या.

सगळं काही चांगलं झालं, असं नाही. पाण्याची टाकी मध्ये दोनदा बिघडली. दोन्ही वेळा बायकांनी माझ्याकडून संकेतस्थळावर तक्रार लिहून घेतली. दुसऱ्या वेळी तर मेहरुननं स्वतःच टंकली. नाझियाला जिन्याच्या वळणावरून उठायला खोली मिळाली नाही. ती त्याच पायऱ्यांवर परीक्षा पास झाली आणि आता अक्कलकोटला एका सरकारी कार्यालयात आहे. तिच्या जागी दुसऱ्या दोन मुली बसतात. पत्र्याविना खोली अजून वर आहे. पावसाळ्यात तिच्यात कबुतरं भिजत बसतात. यंदा खोलीची सूचना अक्कानं भरली आहे. माझ्या आधीच. चौकोनात तिनं मेहरुनकडून काय लिहवून घेतलं ते मला दाखवलं नाही, म्हणाली, "यादी लागली की वाचा." पण यंदा म्हणे आणखी चार कामं निवडीत येण्याजोगी आहेत, एकापेक्षा एक गरजेची. कुठलं येईल सांगता येत नाही.

काल सकाळी मुद्दाम चौकात थांबले. साडेआठ वाजले असतील. धुकं नव्हतं, पण हवेत धूर आणि तंबाखू यांचा मिळून एक निळसर थर होता. बायका भिंतीच्या कडेनं उन्हात बसल्या होत्या, मांडीवर पिशव्या, बोलणं तीन भाषांत. त्यांच्यामधून एक माणूस किटली घेऊन फिरत होता. चौकातला चहावाला, महादेव. या चौकात त्याची टपरी पंधरा वर्षं आहे. मी त्याला म्हटलं, आज किटली घेऊन रांगेत कसा? तो म्हणाला, "बाई, अहो आता हीच माझी मोठी गिऱ्हाइकी. पहिल्यांदा मला वाटायचं, बिडीवाल्या बायका चहा पीतच न्हाईत. त्यांना आवडतच नसंल." तो हसला आणि पुढच्या कपात ओतायला वाकला.

अक्कानं मला पाहिलं. तिनं बाजूला सरकून भिंतीशी जागा केली आणि पिशवी मांडीवर घेतली. "बसा की बाई," ती म्हणाली. "महादेवा, बाईला दे. आणि मला अजून एक."